काल काय काय खाल्लंत?

टेबलावर चार कार्डं पडली आणि सहा तिच्या हातातच राहिली. मी ओट्याला टेकून उभा होतो, हातात ओला फडका, आणि त्या सहा कार्डांचा मला एवढा राग आला की फडका पिळून पिळून त्यातलं पाणी माझ्याच पायावर गेलं. ती मोजणीवाली ताई होती. मोठी माणसं रोज काय खातात त्याची पाहणी चाललीये, सगळ्या इमारतीतून चिठ्ठी टाकून एकच दार निघालं आणि ते तुमचं, असं तिनं दारातच सांगितलं. बाबांनी तिला लगेच आत घेतलं, कारण कुणाला दारात उभं ठेवणं त्यांना जमत नाही. मग तिनं अन्नाच्या एकेका जातीचं एक अशी दहा कार्डं हातात धरली आणि विचारलं, काल उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लंत. बाबा छताकडे बघत बसले. जसं काय तिथे लिहून ठेवलंय. पाव, म्हणाले. बटाटे. भात. या तिघांना मिळून तिनं एकच कार्ड टाकलं, तीन भावांत एकच सदरा दिल्यासारखं. घेवड्याच्या उसळीला एक. दह्याला एक. कांदा-टोमॅटोला एक. संपलं. हिरवा पाला तिच्या हातात, गाजर-भोपळ्याचं केशरी कार्ड तिच्या हातात, अंडी हातात, मासे-मटण हातात, दाणे-बिया हातात, फळं हातात. मला राहवेना. म्हटलं, काल डब्यात गाजराचे तुकडे होते, भाजलेले शेंगदाणे होते, मी स्वतः भरले. ताईनं माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं. खाल्लेत का? बाबा म्हणाले, राहिलं काल. आणि तो डबा मीच घासला होता. रिकामा आला होता. तळाशी एक साल चिकटलं होतं दाण्याचं, तेवढंच.

पुढचे प्रश्न ती भराभर विचारत गेली. काम काय, पाळी कुठली, किती शिकलात, विडी-सिगारेट, बाजार किती लांब, चावायला काही त्रास. दात ठणठणीत आहेत, बाबा म्हणाले, आणि हनुवटी वर केली. घरात स्वयंपाक कोण करतं? यावर बाबा हसले, परक्या माणसासमोर हसतात तसं ओशाळं, आणि म्हणाले, होतो, कसाबसा.

कसाबसा. ताई गेली, बाबा आडवे झाले, भिंतीपलीकडे शेजारच्यांचं बाळ रडून रडून झोपलं, आणि तो शब्द माझ्या कानात बसूनच राहिला, पाणी गेल्यावर कान दडतो तसा. दोन वर्षं हे घर मी चालवतोय. आई दुसऱ्या शहरात एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते, त्यांच्याच घरात राहते, सवड मिळेल तेव्हा येऊन जाते. ती गेली त्या सकाळी तिनं मला मिठाची बरणी दाखवली, साखरेची दाखवली, दोन्ही सारख्या दिसतात म्हणून दोन्ही चाखायला लावल्या, आणि बस पकडायला पळाली. एवढंच माझं शिक्षण. त्याआधीचं शिक्षण नववीत संपलं होतं. सर म्हणाले याच्या डोक्यात काही शिरत नाही, मी म्हटलं तुम्ही दार ठोठावून तरी बघा, आणि दप्तर उचलून बाहेर पडलो. तेव्हा बाहेर ऊन एवढं स्वच्छ होतं की मला वाटलं आता सगळं दिसणार. तसं दिसलंही. मला दिसतं. कोण किती थकलंय, कोण खोटं बोलतंय, कांदा कधी करपायला लागणार, हे मला आधी दिसतं. पण त्याचे कुणी गुण देत नाही. आणि आता जे गुण द्यायला आले ते माझ्या रांधण्याचे, आणि नाव बाबांचं. पेपर मी लिहिला, निकाल त्यांचा, आणि दोघं मिळून नापास.

म्हणून ती निघताच मी तिला जिन्यात गाठलं होतं. ती खालच्या मजल्यावर बुटाची नाडी बांधत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत लहान-मोठ्या वाट्या एकात एक बसवलेल्या, कुठल्या वाटीएवढं खाल्लं ते दाखवायला. मी विचारलं, चार म्हणजे वाईट का? ती म्हणाली, आम्ही चांगलं-वाईट म्हणत नाही. मी म्हटलं, तोंडावरून कळतं. तर म्हणाली, नाही कळत, तेच तर शिकवलंय आम्हाला. कुणी पालेभाजी म्हटलं आणि मी मान डोलावली, की पुढच्या वेळी तो माणूस मला बरं वाटावं म्हणून पालेभाजीच सांगणार. म्हणून तोंड कोरं ठेवायचं. मला ते आवडलं. म्हणजे रागही आला आणि आवडलंही. मग तिनं पायरीवर बसूनच सांगितलं की पोट भरलं का हे ती मोजत नाही, ताटात किती जातींचं अन्न आलं ते मोजते, आणि चमच्यापेक्षा कमी असलं तर धरतच नाही, वरून भुरभुरवलेली कोथिंबीर म्हणजे काही पालेभाजी नव्हे. भुरभुरवणं हा माझा खास हात होता. ती म्हणाली, मी आणखी एकदा येणार. एका दिवसावरून माणूस कळत नाही. कधी? ते सांगत नसतात, सांगितलं तर तू त्या दिवसापुरती जेवणावळ घालशील. मी म्हटलं, मग रोज घालीन. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, आणि तिनं तो परत जागेवर आणला. ते मला दिसलं.

आणि घातली. रोज. चोरी करायची तर एकदाच करता येते, पण पोलीस कधी येणार माहीत नसलं की चोराला रोज साधं जगावं लागतं, तसं माझं झालं. बाजार उठायच्या वेळी जायचो, तेव्हा भाजीवाल्या बाया कंटाळलेल्या असतात, कोमेजलेली जुडी हातात देऊन म्हणतात ने बाबा एकदाची. मासेवाल्याकडून लहान, काटेरी, कुणी न घेतलेले मासे. अंडी तडकलेली. घरी येऊन सगळं ओट्यावर मांडायचं आणि बोटावर मोजायचं: हे झालं, हे झालं, पाला झाला, केशरी झालं. दहा भरले की छातीत काहीतरी फुगायचं. खोटं कशाला बोलू, मी ओट्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहायचो, एखाद्या मुकादमासारखा. आईचा फोन आला की ती विचारायची, काय करतोयस. पालक धुतोय. कुणासाठी? शेजाऱ्यांच्या सशासाठी. ती हसायची, आणि तिच्या मागे त्या म्हाताऱ्या बाईंचा खोकला ऐकू यायचा. मी तिला कार्डांचं सांगितलं नव्हतं. हे माझं आणि त्या कोऱ्या तोंडाचं होतं.

डबे रिकामे येत होते. तेच मला खटकत होतं. बाबा इतकं कधी खात नाहीत. आणि घरी, माझ्यासमोर, ताटात पाला आला की हळूहळू बाजूला सरकायचा, सफरचंदाची फोड हातात फिरत राहायची आणि फोन आला की ताटाखाली जायची. पाळी बदलली की उलटसुलट झोपतात, भूक मरते, हे मी समजू शकतो. पण घरी सरकवणारा माणूस कामावर डबा चाटून कसा पुसतो? एका दुपारी ते पाण्याची बाटली विसरले, किंवा मी ती त्यांना विसरू दिली, आणि मी घेऊन गेलो. बाबा बसच्या डेपोत ब्रेकचं काम करतात. आत तेलाचा वास, गरम रबराचा वास, खड्ड्यावर उभी केलेली बस आणि खालून येणारी कुणाची तरी शिट्टी. जेवणाची सुट्टी होती. मी टायरांच्या ढिगामागून बघितलं. बाबांचा डबा मधे उघडा ठेवलेला आणि तिघंजण त्यात हात घालत होते. बस धुणारा, ज्याला सगळे गिट्टू म्हणतात, तो माझी गाजरं कुडूम कुडूम खात होता आणि सांगत होता, याच्या पोराच्या हाताला चव आहे चव. दाण्यांची मूठच्या मूठ तोंडात टाकत होता. आणि बाबा जरा लांब, उपड्या बादलीवर बसून, चहात पाव बुडवून खात होते.

माझ्या डोक्यात आग. माझं वागणं मला ठाऊक आहे, आधी जीभ सुटते, मग मी. एक पाऊल टाकलंही. आणि तेवढ्यात बाबांनी पाव तोंडात घातला, आणि मला त्यांचा गाल दिसला. डावा गाल हलत होता, उजवा मेलेला. त्यांनी जिभेनं घास डावीकडे ढकलला, थांबले, डोळे बारीक केले, मग हळू, दगडावर पाय ठेवत नदी ओलांडावी तसं चावले. पावासाठी. चहात भिजलेल्या पावासाठी. मी टायराला धरून उभा राहिलो. टायर उन्हानं तापलेलं होतं, हाताला चटका बसत होता, तरी सुटत नव्हतं. आणि मला ती दुपार आठवली, बरीच आधीची, बाबा तोंडावर रुमाल दाबून घरी आले होते, थंडी बाधली म्हणाले, आणि पुढे बरेच दिवस नुसतं गार दूध पीत होते. मला तेव्हा वाटलं होतं कुणाशी मारामारी झाली, आणि मी मनात त्यांच्या बाजूनं कुणाला तरी बदडलंही होतं. दात काढून घेतले होते त्यांनी. एका बाजूचे सगळे, एका दमात, कुणाला न सांगता.

मी बाटली पहारेकऱ्याकडे देऊन परत फिरलो. रस्ताभर मला त्यांचे जुने दात दिसत होते. मी लहान असताना आमच्या गल्लीतली पोरं कडक कवचाची फळं घेऊन रांगेनं बाबांसमोर उभी राहायची. ते एकेक दाढेत धरायचे, डोळा मिचकावायचे, आणि कडाक. पोरं ओरडायची. मी रांगेत उभा राहत नसे, मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो, मालकासारखा, कारण ते दात आमच्या घरचे होते. ज्या माणसानं अख्ख्या गल्लीचं फोडून दिलं तो परक्या ताईसमोर कसं म्हणेल की मला गाजर चावत नाही. माझ्यासमोर तर त्याहून नाही. मी असतो तर मीही दिली असती गाजरं वाटून. मीही हनुवटी वर केली असती. हे कळलं आणि माझा राग एकदम बसला, पातेल्याखालचा गॅस बारीक केल्यावर दूध बसतं तसा. खाली कोमट काहीतरी उरलं. मी ते कुणाला दाखवलं नाही.

घरी येऊन किसणी शोधली. ती कपाटामागे पडली होती, गंजकी. घासून काढली, स्वतःचं बोट सोलून घेतलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चावण्यासारखं काही राहिलं नाही. गाजर किसून वाफवायचं. घेवडा रात्रभर भिजवून, शिजवून, घोटून. पालक इतका बारीक चिरायचा की तो आहे हे फक्त रंगावरून कळावं. दाणे कुटून त्याचं वाटण. माशाचा काटा न् काटा काढायचा, खिडकीपाशी बसून, नखानं, उजेडाकडे धरून. अंडं कुस्करून. टोमॅटोची साल सोलून. फळात केळं, किंवा पिकून लिबलिबीत झालेलं काहीही. हे सोपं नाही. सगळंच मऊ केलं तर एका रंगाचा चिखल होतो, आणि चिखल दिला की माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतं. तेव्हा प्रत्येकाचा घास वेगळा ठेवायचा, एक आंबट, एक जरा तिखट, एक नुसता गोडसर, आणि कडेला तव्यावर असं काहीतरी परतायचं की कुरकुरीत वाटावं पण तोंडात गेल्यावर विरघळावं. ते मला जमलं. कुणी शिकवलं नाही. मी फसलो, फेकलं, परत केलं, एकदा तर भिंतीवर आपटलं, पुसलं, परत केलं. आणि एका शब्दानं बाबांना विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. ताटातलं सरकायचं थांबलं. एवढंच. आम्ही समोरासमोर बसायचो, मधे दिवा, आणि दोघं असं जेवायचो जसं काय जन्मभर असंच जेवत आलोय. पण डब्याचं काय? घरी खातात ते मला दिसतं. डबा रिकामा येतो, आणि रिकामा डबा काही बोलत नाही. गिट्टूला मऊ गाजरही आवडत असेल.

मग ती आली. सकाळी. बाबा नुकतेच रात्रपाळीहून आले होते, नेहमीपेक्षा कितीतरी उशिरा, कोपरापर्यंत काळे, डोळे आत गेलेले, आणि मी काही विचारायच्या आत बेल वाजली. दारात तीच पिशवी, तेच कोरं तोंड. कालचा डबा मी सगळ्यात चांगला भरला होता, दहाच्या दहा, पण तो गेला कुठे ते फक्त बाबांना माहीत. आणि ते असे थकलेले की आत्ता म्हणतील, काल काही नाही, चहा-पाव, आणि झोपतील. म्हणालेच असते तर मी काय केलं असतं, देवाला ठाऊक. बाबांनी तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकून बसले. तिनं विचारलं, काल उठल्यापासून आज आत्तापर्यंत. मी ओट्याकडे तोंड करून उभा राहिलो. नळ नीट बंद होत नाही आमचा, थेंब पडत होता. मी तो मुठीत धरला.

बाबा छताकडे बघत नव्हते हे मला आवाजावरून कळलं. ते सांगायला लागले. काल रात्री शहराबाहेर चढावर एक बस बंद पडली, त्यांना दुरुस्तीच्या गाडीबरोबर पाठवलं, काम लांबलं, मधेच बसच्या पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला. आधी भात, म्हणाले, त्यात घोटलेला घेवडा होता. मग मासा, काटे काढलेला, एकही नव्हता, मी बघत होतो सापडतो का. ताईनं वाट्या मांडल्या आणि बाबा ही, नाही ही, ही अर्धी, असं दाखवत गेले. पालक, त्यात लसूण परतलेला, जरा करपवलेला, मुद्दाम करतो तो. गाजर. अंडं. दह्याची डबी वेगळी होती, ती शेवटी. कांदा-टोमॅटो, सालं काढून. दाण्यांचं वाटण पहिल्यांदा तिखट लागतं, मग मागाहून गोड. ते घासाघासानं सांगत होते, जसं काय तो डबा अजून त्यांच्या मांडीवर आहे. मला हे सगळं माहीत होतं, मीच केलेलं होतं, आणि तरी मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. लसूण मी मुद्दाम करपवतो हे त्यांना कधी कळलं? टेबलावर कार्डं पडत होती, टप, टप, आणि मी मागे वळून मोजत नव्हतो.

"ड्रायव्हरनं हात पुढे केला," बाबा म्हणाले, "म्हणाला थोडं इकडे येऊ दे. मी डबा या बाजूला घेतला."

"दिलं नाही?" हे मी बोललो. बोलायचं नव्हतं.

"नाही दिलं."

तिनं विचारलं, शिजवलेलं कसं होतं, गाजर तुकडे का किसून. किसून, बाबा म्हणाले, वाफवून. आणि थांबले. मी वळलो. बाबांनी बोट तोंडात घातलं, उजवा गाल बाजूला ओढला आणि तिच्याकडे तोंड केलं, झिजलेला ब्रेक काढून गिऱ्हाइकाला दाखवावा तसं, लाज नाही, काही नाही.

"इथे काही राहिलं नाहीये," ते म्हणाले. "मागच्या वेळी ठणठणीत म्हणालो होतो, ते खोडा. याला मी सांगितलं नव्हतं. यानंच ओळखलं. हा करतो स्वयंपाक. तेही नीट लिहा."

ताईनं लिहिलं. तोंड तिचं कोरंच होतं, कमाल आहे त्या बाईची. एक कार्ड तिच्या हातात उरलं होतं, फळांचं. केळं होतं ना डब्यात, मी म्हटलं. ती बाबांकडे वळली. नीट आठवा, चमचाभर तरी? मी डोळ्यांनी सांगत होतो, हो म्हणा, एक घास, कोण बघायला आलंय. बाबा म्हणाले, नाही, ते बसमधल्या एका पोराला दिलं, रडत होतं. तिनं ते कार्ड पिशवीत ठेवलं. टेबलावरची नऊ तिनं गोळा करायच्या आधी बोटानं सरळ केली, एकेक, कडेला कड लावून, आणि त्याची काही गरज नव्हती. मला दहावं हवं होतं. अजून हवंय. पण बाबा खोटं बोलले असते तर ती नऊही मला आपली वाटली नसती, आणि हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं, आणि मान ताठ झाली. जाताना ती मला फक्त येते म्हणाली. पण जिन्यात तू म्हणाली होती तसं नाही, ‘तुम्ही’ म्हणावं तसं, नीट, मोठ्या माणसाला म्हणतात तसं.

बाबा आतल्या खोलीत जाऊन पडले. मी खिडकीचा पडदा ओढला, डबा घासायला घेतला. तळाशी लसणाचा एक काळा तुकडा चिकटला होता, तो खाऊन बघितला, बरा होता. मला वाटलं ते झोपले. खोलीतून आवाज आला, झोपेनं जड झालेला.

"उद्या काय आहे?"

दोन वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी डबा उपडा घातला, हात पुसले, जरा वेळ लावला मुद्दाम.

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. उगाच लाडावून ठेवत नाही मी कुणाला.